गच्चीवरचा व्हॉल्व्ह उघडा, मग फॉर्म बी भरा

आमच्या सोसायटीतून दर सहा महिन्यांनी फॉर्म बी, म्हणजे इमारतीची अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, न चुकता जात होता. सही, शिक्का, आवक क्रमांक, सगळं फाइलमध्ये तारखेनुसार लावलेलं. मी सेक्रेटरी झालो त्या जूनमध्ये, सहज म्हणून, चौदाव्या मजल्यावरच्या लँडिंग व्हॉल्व्हचं, म्हणजे आगीच्या वेळी पाण्याची होज जोडायच्या नळाचं, चाक फिरवायला गेलो. ते हलेना. वॉचमनने पान्याने दोन ठोके घातले तेव्हा कुठे फिरलं आणि आतून निघाली ती फक्त हवा. गंजाचा वास, फुस्स असा आवाज आणि शेवटी ओंजळभर तपकिरी पाणी.

खाली पंपरूममध्ये गेलो. पॅनेलवरचा स्विच 'मॅन्युअल'वर होता आणि तो कुणी चुकून फिरवू नये म्हणून वर चिकटपट्टी मारलेली. पंप बघणारा माणूस म्हणाला, "साहेब, ऑटोवर ठेवला की रात्री मधेच चालू होतो. पहिल्या मजल्यावरचे लोक ओरडतात."

तेव्हापासून माझा क्रम ठरला: आधी पाणी, मग कागद. पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहिलं आहे. महाराष्ट्रातली सात ते वीस मजल्यांची, पार्किंगमध्ये स्प्रिंकलर असलेली गृहनिर्माण सोसायटी डोळ्यांसमोर आहे. हॉस्पिटल, हॉटेल, गोदाम, कारखाना यांच्या अटी वेगळ्या आणि कडक असतात. त्यांनी हा लेख जुळवाजुळवीसाठी वापरू नये.

कायदा नेमका कोणता, आणि जबाबदार कोण

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ हा आपला मूळ कायदा. तो डिसेंबर २००८ पासून लागू झाला आणि त्याखालचे नियम २००९ मध्ये आले. सोसायटीच्या दृष्टीने त्यातलं कलम ३ महत्त्वाचं. इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने अग्निशमन यंत्रणा बसवायची, ती सदैव चालू स्थितीत ठेवायची आणि तसं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, अग्निशमन विभागाकडे सादर करायचं. हाच तो फॉर्म बी. यंत्रणा नव्याने बसवल्यावर एजन्सी जे प्रमाणपत्र देते तो फॉर्म ए. सभासदांची गल्लत इथे हमखास होते. बिल्डरने दिलेला फॉर्म ए दाखवून "आपलं झालंय की" म्हणणारे मी बरेच पाहिले.

'सदैव' हा शब्द कायद्यात उगाच आलेला नाही. जानेवारीत यंत्रणा चालू होती आणि मार्चमध्ये बंद पडली, तर जानेवारीचा कागद मार्चमध्ये कुणाला वाचवत नाही.

दुसरं नाव सतत कानावर येतं ते एनबीसी, म्हणजे राष्ट्रीय इमारत संहिता २०१६. तिचा चौथा भाग पूर्णपणे आग आणि जीवसुरक्षेवर आहे. ही संहिता स्वतःहून कायदा नाही. राज्याच्या किंवा महापालिकेच्या विकास नियंत्रण नियमावलीतून ती आपल्याला लागू होते. मुंबईत डीसीपीआर २०३४, उरलेल्या बहुतेक महाराष्ट्रात २०२० ची एकत्रित नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर. त्यामुळे "शेजारच्या टॉवरमध्ये फ्लॅटमध्येही स्प्रिंकलर आहेत, आपल्याकडे का नाहीत?" या प्रश्नाचं उत्तर बहुधा दोन इमारतींच्या उंचीत आणि नकाशा मंजूर झाल्याच्या तारखेत सापडतं. तुम्हाला काय लागू आहे हे व्हॉट्सॲपवर विचारू नका. ते तुमच्या इमारतीच्या फायर एनओसीत, म्हणजे अग्निशमन विभागाच्या ना-हरकत प्रमाणपत्रात, लिहिलेलं असतं.

कपाटातले कागद

एक रविवार याला द्या. हवे आहेत ते असे: तात्पुरती फायर एनओसी, जिच्यात अटींची यादी असते, भोगवटा दाखल्याआधी मिळालेली अंतिम एनओसी, अग्निशमन विभागाचा शिक्का असलेले नकाशे, फॉर्म ए, पंप आणि पॅनेलच्या पुस्तिका, आणि प्रत्यक्ष टाकलेल्या पाइपांचा नकाशा. हा शेवटचा जवळजवळ कधीच सापडत नाही.

बिल्डरने काही दिलं नसेल तर अंतिम एनओसीची प्रत महापालिकेच्या अग्निशमन विभागाकडे लेखी अर्ज करून मागा. अर्जात प्रकल्पाचं नाव, सर्व्हे किंवा सीटीएस नंबर आणि भोगवटा दाखल्याचा क्रमांक घाला. आम्हाला ती अशीच मिळाली, माहिती अधिकारापर्यंत जावं लागलं नाही. बिल्डरला पाठवलेल्या पत्रांना मात्र उत्तर आलं नाही.

एनओसी हातात आली की तिच्यातल्या अटी एका वहीत डाव्या बाजूला उतरवून घ्या. भूमिगत टाकी किती लिटर, गच्चीवरची किती, मुख्य पंप मिनिटाला किती लिटरचा, स्प्रिंकलर कुठे कुठे, धूरशोधक कुठे, फायर लिफ्ट कोणती, रेफ्युज मजला (आगीत लोकांनी आसरा घ्यायची जागा) कोणता. उजवी बाजू कोरी ठेवा. पुढचे दोन आठवडे ती भरायची आहे.

पंपरूमपासून गच्चीपर्यंत

टाकीपासून सुरुवात करा. अग्निशमनाचं पाणी आणि वापरायचं पाणी यांची रचना साधारण अशी असते की आधी फायरची टाकी भरते आणि ती भरून वाहिली की पाणी घरगुती टाकीत जातं. पाणी साचून शेवाळू नये आणि फायरचा साठाही नेहमी भरलेला राहावा, हा त्यामागचा हेतू. पण मे महिन्यात टँकर लागायला लागले की कुणीतरी सुपीक डोक्याचा प्लंबर घरगुती पंपाचा सक्शन पाइप फायरच्या टाकीत सोडून देतो. झाकण उघडून आत टॉर्च मारा आणि पाइप मोजा. ७५ हजार लिटरची टाकी आणि मिनिटाला २,२८० लिटरचा पंप असेल तर भरलेली टाकी जेमतेम अर्धा तास पुरते. अर्धीच भरलेली असेल तर किती वेळ पुरेल, हे सभासदांना सभेत सांगा. पाणीकपातीच्या वादात तेवढा एक आकडा पुरतो.

आता पंप. सहसा तीन असतात: छोटा जॉकी, मोठा विजेचा मुख्य पंप आणि त्याच्या जोडीला डिझेलचा. पाइपात सतत दाब भरून ठेवलेला असतो. दाब थोडा उतरला की जॉकी चालू होतो, भरपाई करतो आणि आपोआप बंद होतो. दाब एकदम कोसळला, म्हणजे कुठेतरी स्प्रिंकलर फुटला किंवा व्हॉल्व्ह उघडला, की मुख्य पंप आपोआप सुरू होतो. तो बंद मात्र हातानेच करावा लागतो, आणि हे मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. आग चालू असताना पंपाने स्वतःच्या बुद्धीने थांबू नये.

आता आमच्या चिकटपट्टीकडे पुन्हा या. पंप रात्री 'उगाच' चालू होत नव्हता. जॉकी जळालेला होता. शिवाय पाणी उलटं जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळत होता आणि पहाटे गाड्या धुणारी मुलं होज रील ओढून पाणी वापरत होती. दाब उतरायचा, जॉकी नाही म्हणून थेट मुख्य पंप उठायचा. तीन दुरुस्त्यांचं काम एका चिकटपट्टीने भागवलं होतं. तुमच्याकडेही स्विच मॅन्युअलवर सापडला तर माणसावर ओरडू नका. तो का तिथे गेला ते शोधा. कारण मिळालं नाही तर तो आठवड्याभरात परत मॅन्युअलवर जाईल.

दाबाचं गणित कुणालाही करता येतं. पाणी १० मीटर वर चढवायला साधारण १ किलो (प्रति चौरस सेंटिमीटर) दाब खर्च होतो. इमारत ४२ मीटर असेल तर ४.२ किलो नुसते वर पोचण्यात गेले. सगळ्यात वरच्या, लांबच्या हायड्रंटवर, म्हणजे त्या लँडिंग व्हॉल्व्हवर, सुमारे ३.५ किलो उरले पाहिजेत, नाहीतर पाण्याचा फवारा लांब जात नाही. म्हणजे खाली पंपाच्या गेजवर ७.७ आणि वर पाइपातल्या घर्षणासाठी थोडं जास्त, असं मिळायला हवं. आमच्या गेजवर काटा ४ वर होता आणि एजन्सीचा माणूस "प्रेशर आहे की" म्हणून फोटो काढून गेला होता. ४ किलोत पाणी चौदाव्या मजल्यापर्यंतही धड पोचत नाही. ओंजळभर तपकिरी पाणी कुठून आलं, ते मला तेव्हा कळलं.

आणखी एक गोष्ट इलेक्ट्रिशियनला सोबत घेऊन बघा. आग लागली की अग्निशमन दल सगळ्यात आधी इमारतीची वीज तोडतं. फायर पंपाची लाइन त्याच मुख्य स्विचच्या पुढे जोडलेली असेल तर विजेबरोबर पंपही गेला. त्याची लाइन वेगळी, मुख्य स्विचच्या आधी घेतलेली हवी. हे कागदावर दिसत नाही. मुख्य स्विच खरंच पाडून पंप चालतो का ते पाहावं लागतं. एखाद्या दुपारी, लिफ्ट रिकाम्या करून आणि आधी सूचना लावून हे करा.

डिझेल पंप दर आठवड्याला काही मिनिटं चालवायचा. बॅटरी उतरलेली असणं हा त्याचा ठरलेला आजार.

मग जिन्याने वर. लिफ्टने नाही. प्रत्येक मजल्यावर होज बॉक्स उघडा. आत होज आहे का, दोन्ही टोकांना कपलिंग आहे का, ब्रांच पाइप, म्हणजे होजच्या टोकाचं फवाऱ्याचं तोंड, आहे का? पितळेची किंवा गनमेटलची ब्रांच ही चोराची आवडती वस्तू. आमच्या बावीस बॉक्समध्ये नऊ ब्रांच सापडल्या. एका बॉक्समध्ये कुणाचे तरी क्रिकेटचे स्टंप होते. नवीन ब्रांच घेताना काही सोसायट्या प्लास्टिकच्या घेतात. मला ते पटत नाही, पण बॉक्स रिकामा असण्यापेक्षा बरं.

शेवटी गच्ची. होज लावा, दोघांनी ब्रांच घट्ट धरा, तोंड मोकळ्या बाजूला करा आणि तिसऱ्याने व्हॉल्व्ह हळूहळू उघडावा. एकट्याने हे करू नका, दाबाखालची होज माणसाला आडवं करते. पाणी आलं, दाब टिकला, खाली पंप आपोआप उठला, तर वहीच्या उजव्या बाजूला तारीख टाका.

स्प्रिंकलर: तो लाल थेंब

स्प्रिंकलरविषयी सगळ्यात मोठा गैरसमज सिनेमांनी पसरवलाय. एकाने सिगारेट पेटवली की अख्ख्या मजल्यावर पाऊस, असं काही होत नाही. प्रत्येक स्प्रिंकलर स्वतंत्र असतो. त्याच्या मधोमध काचेची छोटी नळी असते, आत रंगीत द्रव. तापमान वाढलं की द्रव फुगतो, काच फुटते आणि तेवढ्याच एका तोंडातून पाणी सुटतं. धुराशी त्याचा संबंध नाही, फक्त उष्णतेशी आहे. रंगावरून तापमान कळतं: नारिंगी ५७ अंश, लाल ६८, पिवळा ७९, हिरवा ९३, निळा १४१. घरात आणि पार्किंगमध्ये बहुधा लाल. जागेच्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा साधारण ३० अंश वरचा बल्ब निवडतात. म्हणून पत्र्याखाली किंवा जनरेटरच्या खोलीत लाल बसवलेला दिसला तर एजन्सीला विचारा.

आता खरी गोष्ट. आमच्या पार्किंगमध्ये २०६ स्प्रिंकलर होते आणि एकाही तोंडाशी पाणी नव्हतं. कारण शोधायला अर्धा दिवस लागला. काही वर्षांपूर्वी एका सांध्यातून एका सभासदाच्या नव्या गाडीवर पाणी टपकलं होतं. त्यांनी आरडाओरडा केला, वॉचमनने पंपरूमशेजारचा व्हॉल्व्ह बंद केला, गळती थांबली, सगळे खूश. तो व्हॉल्व्ह त्यानंतर कुणी उघडलाच नाही. कुठल्याही फॉर्म बीमध्ये त्याचा उल्लेख नव्हता.

म्हणून स्प्रिंकलरची तपासणी वर बघून नाही, व्हॉल्व्हपासून सुरू करायची. मुख्य नियंत्रण व्हॉल्व्ह उघडा हवा, तोही साखळी-कुलपाने उघड्या स्थितीतच अडकवलेला. किल्ली पंपरूममध्ये, खुणेच्या खिळ्यावर. त्यानंतर पाइपलाइनच्या सगळ्यात लांबच्या टोकाला छोटा टेस्ट व्हॉल्व्ह शोधा. तो उघडणं म्हणजे एक स्प्रिंकलर फुटल्याचं नाटक. पाणी वाहिलं पाहिजे, अलार्म वाजला पाहिजे, पंप उठला पाहिजे. तिन्ही गोष्टी झाल्या तरच यंत्रणा चालू आहे म्हणायचं. ही चाचणी एजन्सीच्या माणसासमोर, दर तीन महिन्यांनी करा आणि मोबाइलवर पूर्ण व्हिडिओ काढा, न कापता.

मग मान वर करून फिरा. चार गोष्टी हमखास सापडतात.

रंगवलेले स्प्रिंकलर. पेंटरने छताबरोबर त्यांनाही चुना किंवा ऑइल पेंट मारलेला असतो. थिनरने पुसून चालत नाही. असा स्प्रिंकलर काढून नवाच बसवायचा. पुढच्या वेळी पेंटिंगच्या करारात एक ओळ घाला: रंगकामाआधी प्रत्येक स्प्रिंकलरला पिशवी बांधायची आणि त्याच दिवशी काढायची. रंगलेल्या प्रत्येक नगाचे पैसे ठेकेदाराकडून. आम्ही ही ओळ घातली आणि पिशव्या आपोआप बांधल्या गेल्या.

अडवलेले स्प्रिंकलर. पाण्याचा छत्रीसारखा फवारा पसरायला खाली किमान अर्धा मीटर मोकळी जागा लागते. पार्किंगमधली जुनी कपाटं, गाद्या, मंडळाचं थर्माकोलचं मखर छतापर्यंत रचलेलं असेल तर फवारा तिथेच अडतो. आणि मुळात पार्किंगमध्ये जळाऊ सामान नकोच. ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे मुंबईत गोरेगावच्या एका इमारतीत पार्किंगमधल्या गाड्या आणि कपडे पेटले आणि आग-धूर वरच्या घरांपर्यंत चढला. त्यात माणसं गेली. मखराचा विषय काढला की मंडळी दुखावतात, हे मला माहीत आहे. आम्ही क्लब हाउसमागची खोली मंडळाला दिली आणि मग पार्किंग रिकामं मागितलं.

पाइपांना लोंबकळणाऱ्या वस्तू. केबलवाल्यांच्या वायरी, दिवाळीच्या माळा, एका ठिकाणी चक्क सायकल. स्प्रिंकलरचा पाइप ही खुंटी नव्हे.

आणि चौथी, फ्लॅटच्या आतली. ज्या इमारतींत घरातही स्प्रिंकलर आहेत तिथे इंटीरिअरवाले फॉल्स सीलिंग करताना स्प्रिंकलर सरळ वर गाडून टाकतात किंवा लाइनला प्लग मारतात. गाडलेला स्प्रिंकलर खोली पेटून छत जळेपर्यंत जागा होत नाही. सीलिंग करायचंच असेल तर पाइप खाली वाढवून स्प्रिंकलर सीलिंगच्या खाली आणावा लागतो आणि ते काम परवानाधारक एजन्सीनेच करायचं, सुताराने नाही. इंटीरिअरसाठी सोसायटी जी परवानगी देते, त्या अर्जात हे घाला, नकाशा मागा आणि अनामत रक्कम परत करण्यापूर्वी घरात जाऊन बघा. सीलिंग बंद होण्याच्या आधी एकदा, नंतर एकदा.

सुटे स्प्रिंकलर, निदान सहा, आणि त्यांचा खास पाना पंपरूममधल्या डब्यात ठेवा. त्याच तापमानाचे, त्याच प्रकारचे, आयएसआय छापाचे.

पाण्याशिवायचं सगळं

यात पैसे कमी आणि भांडणं जास्त, म्हणून थोडक्यात. जिन्यात चपलांचं कपाट, कुंड्या, सायकली नकोत. जिन्याचे फायर दरवाजे आपोआप बंद होणारे असतात. त्यांना पाचर लावून उघडे ठेवणं म्हणजे धुराला वाट करून देणं. वायरिंगच्या डक्टमध्ये प्रत्येक मजल्यावर स्लॅबच्या भोकाला अग्निरोधक भरणी हवी. नवी केबल टाकणारा ती फोडतो आणि तशीच सोडतो. त्या उघड्या डक्टमधून खालचा धूर मिनिटांत वर पोचतो. मीटर रूममध्ये जुने पेपर आणि झाडू ठेवू नका.

रेफ्युज जागा, जी उंच इमारतींत ठरावीक मजल्यांवर असते, ती कायम रिकामी आणि उघडी. तिथे पत्ते, वाढदिवस, जिम काही नाही. मला स्वतःला ही सगळ्यात अवघड लढाई वाटली, कारण ती जागा खरंच छान असते, वारा असतो.

खाली अंगणात अग्निशमन दलाची गाडी शिरायला फाटक पुरेसं रुंद हवं आणि इमारतीभोवतीचा रस्ता मोकळा. फाटकाजवळ जमिनीपासून हातभर उंचीवर दोन किंवा चार तोंडांचं फायर ब्रिगेड इनलेट असतं. पंप बंद पडला तरी बंबाचं पाणी त्यातून इमारतीच्या पाइपात भरता येतं. त्याच्यासमोर पाहुण्यांची गाडी लागते आणि वर मोगरा चढवलेला असतो. दोन्ही हटवा, लाल रंग द्या, झाकणं साखळीने बांधा.

अग्निशामक सिलिंडरचं गेज हिरव्यात आहे का ते दर महिन्याला बघा. पावडरच्या सिलिंडरची दाबचाचणी तीन वर्षांनी, कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरची पाच वर्षांनी. तारखेचं स्टिकर नवं आणि सिलिंडर जुनाच, असाही प्रकार चालतो. म्हणून रिफिलिंगला नेताना सिलिंडरवर कोरलेला नंबर लिहून घ्या.

एजन्सी आणि पैसे

वहीची उजवी बाजू भरली की मग एजन्सी शोधा, आधी नाही. यादी हातात नसली तर तेच तुम्हाला यादी देतील.

परवाना महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालय देतं आणि परवानाधारकांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर असते. परवान्याची प्रत मागा, मुदत बघा, नाव यादीशी जुळवा. फोनवरच "फॉर्म बीचे इतके, उद्या व्हॉट्सॲप करतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करा. आमचा आधीचा ठेकेदार याच जातीचा होता. त्याला मी विचारलं, "गच्चीवर कधी गेला होतात?" तर म्हणाला, "साहेब, तुमच्याकडे सगळं ओके आहे." गच्चीचं दार कुठल्या विंगमधून उघडतं हेही त्याला सांगता आलं नाही.

मी दोन कामं दोघांना दिली. एकाने फक्त तपासणी करून लेखी अहवाल दिला, त्याचे वेगळे पैसे. दुसऱ्याने त्या अहवालावरून दुरुस्ती केली आणि मग फॉर्म बीवर सही केली. थोडा खर्च वाढतो, पण "पाइपलाइन पूर्ण बदलावी लागेल" हे ऐकायला मिळण्याची शक्यता बरीच कमी होते. दरपत्रक मागताना पाइपचा दर्जा, व्यास, लांबी, व्हॉल्व्हची कंपनी, पंपाची क्षमता ओळीओळीने मागा. 'एक रकमी' असा शब्द असलेलं दरपत्रक परत पाठवा.

पैशांचं म्हणाल तर आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधी दरवर्षी बांधकाम खर्चाच्या ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के जमा व्हायला हवा. बऱ्याच सोसायट्यांनी देखभाल शुल्क कमी दाखवण्यासाठी हेच दोन आकडे वर्षानुवर्षं दाबलेले असतात. मोठा खर्च सर्वसाधारण सभेपुढे न्यावाच लागतो. सभेत मी कलमं वाचली नाहीत. चौदाव्या मजल्यावरच्या व्हॉल्व्हचा, फुस्स आवाजाचा व्हिडिओ लावला. ठराव दहा मिनिटांत झाला, आणि सगळ्यात आधी हात वर केला तो त्या टपकलेल्या गाडीवाल्या काकांनी.

काम चालू असताना

दुरुस्तीच्या दिवसांत यंत्रणा बंद असते आणि वेल्डिंगही तेव्हाच चालतं. म्हणजे धोका नेहमीपेक्षा जास्त. पूर्ण लाइन एकदम उघडू देऊ नका, एकेक विंग घ्या. संध्याकाळी काम थांबताना जेवढं जोडलंय तेवढं पाण्यावर आणा. वेल्डिंगच्या जागी दोन सिलिंडर, एक माणूस, आणि काम संपल्यावर अर्धा तास त्याने तिथेच थांबायचं. कोणता भाग बंद आहे ते लिफ्टजवळ मराठीत आणि मोठ्या अक्षरात लिहून लावा. मूळ एनओसीतल्या रचनेत बदल होत असेल, उदाहरणार्थ पंपाची जागा किंवा क्षमता, तर अग्निशमन विभागाला आधी लेखी कळवून त्यांचं म्हणणं घ्या.

फॉर्म बी, आणि नोटीस आली तर

काम पूर्ण झाल्यावर एजन्सीच्या माणसासमोर गच्चीवरची चाचणी आणि स्प्रिंकलरची टेस्ट व्हॉल्व्हची चाचणी पुन्हा करा आणि मगच सही घ्या. फॉर्म बी जानेवारीत किंवा जुलैत सादर करताना तुमच्या महापालिकेत तो ऑनलाइन घेतात की टपालखिडकीवर, हे आधी विचारून ठेवा. खिडकीवर दिलात तर दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. जुलैचा कागद जुलैत जायला हवा असेल तर एजन्सीला फोन मे महिन्यात करा. जूनच्या अखेरीस सगळ्या शहराला तेच हवं असतं.

नोटीस आधीच आली असेल तर घाबरून वकील गाठायची गरज बहुतेक वेळा नसते, पण ती ड्रॉवरमध्येही ठेवू नका. मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या: त्रुटी मान्य आहेत, सर्वसाधारण सभेचा ठराव जोडला आहे, अमुक एजन्सीला कार्यादेश दिला आहे, अमुक तारखेला अमुक काम पूर्ण होईल. तारखा खऱ्या लिहा. माझा अनुभव असा की अधिकारी वेळ देतात, पण कोऱ्या आश्वासनावर देत नाहीत. दुर्लक्ष केलं तर वीज-पाणी तोडण्यापर्यंत आणि खटल्यापर्यंत जाण्याचे अधिकार कायद्याने त्यांना आहेत, आणि खटल्यात दंडाबरोबर तुरुंगवासाचीही तरतूद आहे.

एक संध्याकाळ कवायतीची

१४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन असतो. १९४४ साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले जवान त्यात गेले. दरवर्षी त्या तारखेपासूनच्या आठवड्यात अग्निशमन केंद्रं प्रात्यक्षिकं देतात. मार्चमध्येच पत्र देऊन आपल्या सोसायटीसाठी वेळ मागून घ्या.

कवायत रविवारी सकाळी दहाला ठेवू नका, तेव्हा सगळे हसत खाली येतात. आम्ही ती एका मंगळवारी रात्री आठला घेतली. कुकरच्या शिट्ट्या चालू, निम्मे लोक बाथरूममध्ये. जिना उतरू न शकणाऱ्यांची यादी तेव्हा पहिल्यांदा तयार झाली: अकरा माणसं. नवव्या मजल्यावरच्या आजींना खुर्चीतून कोण उतरवणार, त्यांची दोन नावंही तिथेच ठरली. आणि कळलं की ए विंगच्या गच्चीच्या दाराला कुलूप आहे, त्याची किल्ली वॉचमनकडे आहे आणि वॉचमन चहाला गेला आहे. दुसऱ्या दिवशी कुलूप काढून आतून ढकलल्यावर उघडणारा अडसर बसवला.

आता फाइलच्या सगळ्यात वरच्या पानावर फॉर्म बी नसतो. तिथे एक हाताने आखलेला तक्ता आहे: तारीख, गच्चीवरचा दाब, पंप आपोआप उठला का, कोणी पाहिलं. शेवटची नोंद गेल्या महिन्याची आहे. ३.६ किलो, हो, बी विंगच्या काकू आणि नवा वॉचमन. पाणी समोरच्या टाकीच्या भिंतीवर आदळून परत आमच्याच अंगावर आलं होतं, त्यामुळे त्या ओळीची शाई थोडी पसरली आहे.